सोमच्या लढाईत टॉम ग्रेसी नव्हता

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की फुटबॉलप्रेमींमध्ये एक गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि दर नोव्हेंबरात, युद्धविरामाच्या स्मृतिदिनाच्या आसपास, ती नव्याने फिरू लागते. तिचा सारांश असा. एडिंबरा शहरातील हार्ट ऑफ मिडलोथियन, म्हणजेच हार्ट्स, या क्लबचे सगळे अकरा खेळाडू १९१४ साली एकाच दिवशी सैन्यात भरती झाले. हाताशी आलेले स्कॉटिश लीगचे विजेतेपद त्यांनी देशासाठी सोडून दिले. पुढे १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी तो अख्खा संघ कापला गेला, आणि मेलेल्यांत त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा सेंटर फॉरवर्ड टॉम ग्रेसीही होता. काही ठिकाणी याला आणखी फोडणी दिलेली असते: ग्लासगोचे क्लब घरी बसून चषक उचलत राहिले आणि युद्धाची झळ त्यांना लागलीच नाही.

ही गोष्ट निखालस खोटी असती तर तिच्यावर इतके लिहिण्याची गरज नव्हती. अडचण अशी आहे की तिचा गाभा खरा आहे आणि त्या गाभ्याभोवती रचलेले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे आहे. त्यात सर्वाधिक अन्याय झाला आहे तो ग्रेसीवर. त्याची कारकीर्द मुळात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि जी ठाऊक आहे तिचा शेवट चुकीच्या जागी, चुकीच्या वर्षी आणि चुकीच्या कारणाने केला जातो. म्हणून हा दावा एकेक मुद्दा घेऊन तपासू.

पहिला मुद्दा ‘सगळे अकरा’ या शब्दांचा. २५ नोव्हेंबर १९१४ रोजी हार्ट्सच्या अकरा खेळाडूंनी खरोखरच एकत्र नाव नोंदवले, आणि त्यांत ग्रेसी होता, याबद्दल वाद नाही. घोटाळा आकड्यामुळे होतो. फुटबॉल संघ अकरांचा असतो, भरती झालेलेही अकरा, तेव्हा मैदानावरचा संघ जसाच्या तसा पलटणीत गेला असे वाटू लागते. प्रत्यक्षात क्लबकडे करारबद्ध खेळाडू अकरापेक्षा बरेच जास्त होते आणि भरती झालेल्यांत राखीव फळीतलेही होते. पहिल्या फळीतले काही जण वैद्यकीय तपासणीत नापास झाले. मधल्या फळीतला उत्तम खेळाडू बॉब मर्सर गुडघ्याच्या दुखण्यामुळे नाकारला गेला. जे नाकारले गेले ते भित्रे नव्हते, पण ‘अख्खा संघ’ म्हणताच ते गोष्टीतून पुसले जातात. मर्सरकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

त्या अकरा जणांच्या आधीही हार्ट्सचे खेळाडू गणवेशात होते. जॉर्ज सिंक्लेअर आणि नील मोरलँड हे राखीव सैनिक असल्याने युद्ध जाहीर होताच, ऑगस्टमध्येच, त्यांना बोलावणे आले. हौशी खेळाडू म्हणून खेळणारा जेम्स स्पीडी स्वतंत्रपणे कॅमेरॉन हायलँडर्समध्ये दाखल झाला होता. पाठोपाठ आलेल्यांना धरून हार्ट्सच्या १६ खेळाडूंनी सैन्यात नाव घातले, असे मोजले जाते. थोडक्यात, आकडा अकराहून मोठा आहे, पण तो एका दिवसाचा नाही आणि एका पलटणीचाही नाही.

भरतीमागे निव्वळ उसळती देशभक्ती होती, हे म्हणणेही अपुरे आहे. १९१४ च्या शरदात ब्रिटनमध्ये व्यावसायिक फुटबॉलविरुद्ध मोठे वातावरण तापले होते. सक्तीची भरती तेव्हा नव्हती (तो कायदा जानेवारी १९१६ मध्ये झाला), त्यामुळे धट्टीकट्टी तरुण माणसे दर शनिवारी पगार घेऊन चेंडू लाथाडतात आणि हजारो धट्टेकट्टे ते पाहतात, हे दृश्य अनेकांच्या डोळ्यांत खुपत होते. हार्ट्स लीगमध्ये अव्वल असल्याने बोट त्यांच्याकडेच रोखले जाणे ओघाने आले. एडिंबराच्या एका सायंदैनिकात ‘सैनिकाची मुलगी’ अशा सहीने एक पत्र छापून आले. त्यात सुचवले होते की या क्लबने आपले नाव बदलून ‘मिडलोथियनची पांढरी पिसे’ असे ठेवावे. गणवेशात नसलेल्या पुरुषाच्या हाती पांढरे पीस देणे म्हणजे त्याला चारचौघांत भित्रा ठरवणे. आपल्याकडे बांगड्यांचा आहेर पाठवतात, तीच ही रीत. असले पत्र वाचून जो तरुण भरती होतो त्याच्या मनात देश, अब्रू, सोबत्यांची भीड आणि चिडणे यांचे प्रमाण नेमके किती असते, हे शंभर वर्षांनी ठामपणे सांगणाऱ्याबद्दल मला तरी शंका वाटते.

याच सुमारास सर जॉर्ज मॅक्रे पुढे आले. ते एडिंबराचे कापड व्यापारी आणि शहराचे माजी खासदार; वयाने पन्नाशी ओलांडलेले, पण स्वतः पलटण उभारून तिचे नेतृत्वही आपणच करण्याच्या तयारीचे. सात दिवसांत पलटण भरून दाखवतो, अशी त्यांची घोषणा होती. हार्ट्सचे खेळाडू त्यांच्याकडे आले आणि त्यांच्यामागून शेकडो समर्थक आले. फॉलकर्क, रेथ रोव्हर्स, डनफर्मलिन अशा इतर क्लबांचे खेळाडू आले, आणि एडिंबरातल्याच हाडवैरी हिबर्नियन क्लबचे चाहतेही आले. हीच रॉयल स्कॉट्सची १६ वी बटालियन, लोकांच्या तोंडी ‘मॅक्रेची पलटण’. लंडनमध्ये मिडलसेक्स रेजिमेंटची ‘फुटबॉल बटालियन’ उभी राहिली ती त्यानंतर, डिसेंबरच्या मध्यात. हे श्रेय हार्ट्सकडे निर्विवाद जाते आणि फिरणाऱ्या गोष्टीत नेमके तेच बहुधा नसते.

आता ग्रेसी. त्याच्याबद्दलचा दावा असा की तो स्कॉटिश फुटबॉलचा चमकता तारा होता आणि सोमच्या मैदानावर मशीनगनने त्याला टिपले. दोन्ही अर्धी वाक्ये तपासावी लागतात.

टॉम ग्रेसीचा जन्म १८८९ मध्ये ग्लासगोत झाला. स्थानिक व लहान क्लबांतून फिरत तो ग्रीनॉकच्या मॉर्टन क्लबात स्थिरावला आणि तिथे त्याने गोल करण्याचा लौकिक मिळवला. १९११ मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टनने त्याला नेले. तेव्हाच्या स्कॉटिश खेळाडूसाठी हा ठरलेला रस्ता होता. इंग्लंडमधले क्लब स्कॉटलंडमधून कसबी माणसे उचलत आणि खेळाडूंनाही तिकडचे वेतन खुणावत असे. पण एव्हर्टनमध्ये त्याचे बस्तान बसले नाही. त्या हंगामात एव्हर्टन लीगमध्ये दुसऱ्या स्थानी आले, म्हणजे संघ जोरात होता आणि नव्या माणसाला सवड देण्याची कोणाला गरज नव्हती.

फेब्रुवारी १९१२ मध्ये शेजारच्या लिव्हरपूलला एव्हर्टनचे दोन खेळाडू मिळाले आणि त्यांच्या बदल्यात हॅरल्ड यूरेन एव्हर्टनकडे गेला. त्या दोघांपैकी एक बिल लेसी. तो पुढे लिव्हरपूलकडून एफए कप या इंग्लंडमधल्या चषक स्पर्धेची १९१४ ची अंतिम लढत खेळला आणि १९२२ व १९२३ च्या लीग विजेत्या संघांत राहिला. त्यामुळे लिव्हरपूलच्या इतिहासात हा व्यवहार लेसीचा म्हणूनच ओळखला जातो. दुसरा ग्रेसी. तो सौद्यात जोडीला आलेला. लिव्हरपूलमध्ये दोन वर्षे काढूनही त्याच्या नावावर अवघे काही गोल आहेत, आणि क्रिस्टल पॅलेसवरच्या त्या अंतिम लढतीत तो संघात नव्हता. पंचविशीत आलेला, दोन मोठ्या क्लबांत न जमलेला आघाडीवीर, एवढीच १९१४ च्या वसंतातली त्याची पत होती. चमकता तारा हे वर्णन तेव्हा कोणी केले असते तर लिव्हरपूलकर हसले असते.

हार्ट्सने त्याला का घेतले, याचे कारण क्लबच्या टायनकॅसल मैदानाच्या बांधकामात सापडते. क्लबने आर्चिबाल्ड लीच या नामवंत रचनाकाराकडून नवी प्रेक्षकगॅलरी बांधायला घेतली होती आणि खर्च अंदाजाबाहेर चालला होता. त्यासाठी फेब्रुवारी १९१४ मध्ये संघाचा हुकमी गोलकर्ता पर्सी डॉसन याला ब्लॅकबर्न रोव्हर्सला २,५०० पौंडांना विकावे लागले. त्या काळी ही विक्रमी रक्कम होती. घर बांधण्यासाठी दावणीचा बैल विकावा तसा हा प्रकार. डॉसनच्या रिकाम्या जागी व्यवस्थापक जॉन मॅकार्टनी यांना स्वस्तातला माणूस हवा होता आणि ग्रेसी ४०० पौंडांत मिळाला.

पुढच्या एका हंगामात त्याने जे केले ते पाहता डॉसनची आठवण काढण्याची वेळ कोणावर आली नाही. १५ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे ब्रिटन युद्धात उतरून अकरा दिवस झाले असताना, हार्ट्सने पहिल्याच सामन्यात ग्लासगोच्या गतविजेत्या सेल्टिकला २-० ने हरवले आणि तिथून ओळीने आठ सामने जिंकले. क्लबने लीग जिंकल्याला तेव्हा सतरा वर्षे होऊन गेली होती. शेवटचे विजेतेपद १८९६-९७ चे. हंगाम संपला तेव्हा ग्रेसीच्या नावावर लीगमध्ये २९ गोल होते. त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये त्याहून अधिक गोल कोणाचे नव्हते. एयर युनायटेडचा जेम्स रिचर्डसन तेवढा त्याच्या बरोबरीला होता.

या २९ गोलांकडे नीट पाहायला हवे, कारण ग्रेसीची खरी गोष्ट त्यांतच आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून तो पूर्णवेळ सैनिक होता. आठवडाभर कवायत, पाठीवर बोजा घेऊन लांबलचक कूच, कधी रात्रीची कूच, विषमज्वराची लस टोचल्यावर येणारा ताप, नव्या लष्करी बुटांनी पायाला आलेले फोड. आणि शनिवारी दुपारी तेच पाय घेऊन लीगचा सामना. हे सगळ्याच भरती झालेल्यांच्या वाट्याला आले. ग्रेसीच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. १९१५ च्या वसंतात त्याला ल्युकेमिया असल्याचे निदान झाले. तेव्हा त्यावर उपचार असा नव्हताच. मॅकार्टनी यांना हे ठाऊक होते, ग्रेसीला स्वतःला ठाऊक होते, आणि तरीही तो हंगाम संपेपर्यंत खेळत राहिला. म्हणजे मैदानावर धावताना ज्याची दमछाक दिसत होती तो माणूस कवायतीने थकलेला आहे असे प्रेक्षकांना वाटत असावे, आणि ते अर्धेच खरे होते.

पलटण जून १९१५ मध्ये एडिंबराहून प्रशिक्षणासाठी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला गेली. ग्रेसीचे दुखणे वाढत गेले आणि त्याला ग्लासगोला परत पाठवावे लागले. तिथल्या स्टॉबहिल रुग्णालयात, जे तेव्हा लष्करी रुग्णालय म्हणून वापरात होते, २३ ऑक्टोबर १९१५ रोजी त्याचा मृत्यू झाला. तो २६ वर्षांचा होता. मॅक्रेची पलटण फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली ती जानेवारी १९१६ मध्ये. सोमची लढाई सुरू होण्याच्या आठ महिने आधी ग्रेसी गेला होता, आणि तो युद्धभूमीवर कधी पोहोचलाच नाही.

यावर कोणी म्हणेल की लष्करी नोंदीत तो युद्धातला मृत म्हणूनच मोजला जातो, मग फरक काय पडतो? सेवेत असताना मेलेला सैनिक म्हणून त्याची तशी नोंद होते आणि ती योग्यच आहे. पण ‘युद्धकाळात सेवेत असताना मेला’ आणि ‘सोमवर गोळी लागून मेला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे विधान ऐकायला भारदस्त वाटते, म्हणून पहिल्याच्या जागी बसवले गेले. माझ्या मते पहिलेच अधिक अंगावर येते. तोफेच्या तोंडी जाणाऱ्याला निदान आपण वाचू अशी आशा तरी असते.

आता विजेतेपदाचा मुद्दा. ‘हाताशी आलेली लीग सोडून दिली’ यातून असे वाटते की खेळाडू खेळ अर्धवट टाकून निघून गेले. तसे झाले नाही. स्कॉटिश कप त्या वर्षी बंद ठेवला गेला, पण लीग चालू राहिली आणि भरती झालेले हार्ट्सचे खेळाडू शेवटच्या सामन्यापर्यंत लीग खेळले. बराच काळ ते आघाडीवर होते. हंगामाच्या अखेरीस मॉर्टन आणि सेंट मिरन यांच्याकडून पराभव झाले आणि सेल्टिक पुढे निघून गेले. मॉर्टन म्हणजे ग्रेसीचाच जुना क्लब, हा त्यातला एक कडवट योगायोग. ३८ सामन्यांअखेर सेल्टिकचे ६५ गुण होते आणि हार्ट्सचे ६१. विजयाला दोन गुण असत, म्हणजे दोन सामन्यांचे अंतर.

हे अंतर कवायतीने पाडले का? बऱ्याच अंशी होय, असेच मला वाटते. दमलेल्या पायांनी अखेरच्या आठवड्यांत दोन सामने गमावणे यात नवल काही नाही, आणि त्या काळच्या एडिंबराच्या वृत्तपत्रांनीही हीच तक्रार कडक शब्दांत केली होती. पण ‘युद्ध नसते तर लीग हार्ट्सचीच’ हे विधान सिद्ध करता येत नाही, कारण समोरचा संघही काही सामान्य नव्हता. पॅट्सी गॅलाकर आणि जिमी मॅकमेनेमी यांच्या त्या सेल्टिकने १९१४ ते १९१७ अशी ओळीने चार विजेतेपदे मिळवली, आणि नोव्हेंबर १९१५ पासून एप्रिल १९१७ पर्यंत लीगमध्ये सलग ६२ सामने तो संघ हरला नाही. त्या हंगामात सेल्टिकने हार्ट्सच्या उपकारावर लीग जिंकली असे म्हणणे म्हणजे त्यांच्या ३० विजयांकडे डोळेझाक करणे होय.

ग्लासगोकरांनी युद्धाची झळ सोसली नाही, हा जोड-दावा तर सरळच चुकीचा आहे. १९१४-१५ मध्ये सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांतून नामांकित खेळाडू लगोलग भरती झाले नाहीत, ही तक्रार तेव्हा होती आणि तीत तथ्य होते. पण युद्ध चार वर्षे चालले. सेल्टिकचा मधल्या फळीतला भरवशाचा खेळाडू पीटर जॉनस्टन १९१६ मध्ये सैन्यात गेला आणि मे १९१७ मध्ये फ्रान्समधल्या अरासच्या लढाईत मारला गेला. सेल्टिकमध्ये काही काळ असलेला विल्यम अँगस याला जून १९१५ मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मिळाला. आपल्या जखमी अधिकाऱ्याला जर्मन खंदकाच्या तोंडाशी जाऊन ओढून आणताना त्याने एक डोळा गमावला. रेंजर्सकडून खेळलेला, पुढे ब्रॅडफर्ड सिटीचा कर्णधार म्हणून १९११ च्या एफए कप अंतिम लढतीत विजयी गोल करणारा ग्लासगोचा जिमी स्पियर्स १९१७ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ मारला गेला. ही नावे विसरून एका शहराला शूर आणि दुसऱ्याला भेकड ठरवणे हे मैदानावरच्या घोषणांमध्ये शोभते. इतिहास म्हणून ते चालणार नाही.

उरला सर्वांत मोठा दावा: १ जुलै १९१६, आणि एका दिवसात संघाचे पानिपत. त्या दिवसाची भीषणता कमी करण्याचे काही कारण नाही. ब्रिटिश सैन्याचे त्या एका दिवशी ५७,४७० जण हताहत झाले आणि त्यांपैकी १९,२४० मेले. मॅक्रेची पलटण ज्या ३४ व्या डिव्हिजनमध्ये होती तिचे नुकसान त्या दिवशी सगळ्या डिव्हिजनांत सर्वाधिक होते, सहा हजारांहून जास्त. ला ब्वासेल गावाच्या दक्षिणेकडून उघड्या उतारावर चालत जाताना मशीनगनच्या माऱ्याखाली ती पलटण विस्कटली. त्यातूनही तिचे काही शिपाई काँतालमेझाँ या गावापर्यंत घुसले, आणि तिथवर त्या दिवशी दुसरे फारसे कोणी पोहोचले नाही.

त्या दिवशी हार्ट्सचे तीन खेळाडू मारले गेले: एडिंबराचा आघाडीवीर हॅरी वॉटी, किलविनिंगचा बचावपटू डंकन करी आणि अर्नी एलिस. तिघांनाही ओळखता येईल अशी कबर नाही. सोमच्या रणभूमीवरच्या तिएपव्हाल स्मारकावर बेपत्ता हजारोंच्या यादीत त्यांची नावे कोरली आहेत. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. ‘स्कॉटलंडचे अकरा सुपुत्र’ असा जो शब्दप्रयोग वापरला जातो त्यात एलिस बसत नाही, कारण तो इंग्लंडमधल्या नॉर्विचचा होता.

तीन हा आकडा अकरापेक्षा लहान आहे म्हणून दुःख लहान ठरत नाही. पण बाकीचे मृत्यू कुठे आणि कधी झाले हे पाहिले तर युद्धाचे वेगळेच चित्र दिसते. जेम्स स्पीडी २५ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समधल्या लूसच्या लढाईच्या पहिल्या दिवशी गेला, वेगळ्या रेजिमेंटमध्ये, मॅक्रेची पलटण अजून इंग्लंडात कवायत करत असताना. त्यानंतर महिनाभरात ग्रेसी, रुग्णालयाच्या खाटेवर. मग १ जुलैचे तिघे. जेम्स बॉइड त्या दिवशी वाचला आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजी मारला गेला. जॉन अ‍ॅलन एप्रिल १९१७ मध्ये अरासच्या बाजूला. असे सात जण, पाच वेगवेगळ्या वेळी, दीड वर्षाहून अधिक काळात गेले. एडिंबरात टायनकॅसलच्या आसपासच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी एका सकाळी एक मोठी बातमी ऐकली नाही. त्यांना ती पुन्हा पुन्हा, हप्त्याहप्त्याने ऐकावी लागली.

आणि जे वाचले त्यांचे काय? ‘अख्खा संघ मारला गेला’ या वाक्यात त्यांना जिवंतपणीच मारले जाते. उजव्या विंगवर खेळणारा जेमी लो युद्धातून परत आला, हार्ट्स आणि रेंजर्सकडून खेळला, न्यूकॅसल युनायटेडमध्ये गेला आणि १९२४ मध्ये वेम्बलीवर अ‍ॅस्टन व्हिलाला २-० ने हरवून एफए कप जिंकणाऱ्या संघात उजव्या विंगवर तोच होता. २५ नोव्हेंबर १९१४ च्या अकरांपैकी एक माणूस दहा वर्षांनी इंग्लंडमधला सर्वांत मोठा चषक हातात घेऊन उभा आहे, ही एकच गोष्ट संपूर्ण दावा खोडून काढायला पुरेशी आहे.

पॅडी क्रॉसन हा दुसरा. देखणा बचावपटू. पॅडीला चेंडू पुढे देता येतो, आरशासमोरून मात्र पुढे जाता येत नाही, अशी त्याची थट्टा सोबती करत. सोमच्या धुमश्चक्रीत त्याच्या पायाला जबर जखम झाली आणि रुग्णालयात पाय कापण्यासाठी त्याच्यावर चिठ्ठी लागली. तो पाय वाचवला एका युद्धकैदी जर्मन शल्यविशारदाने, अशी हकिकत सांगतात. क्रॉसन त्याच पायावर पुन्हा हार्ट्सच्या बचावफळीत उभा राहिला आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खेळला. पुढे त्याने एडिंबराच्या रोज स्ट्रीटवर स्वतःचा बार काढला. फुफ्फुसे मात्र युद्धातच गेली होती. १९३३ मध्ये तो वारला.

आणि मर्सर, ज्याला गुडघ्यामुळे आधी नाकारले होते. युद्ध लांबले तसे निकष सैल होत गेले. १९१६ मध्ये त्याला तोफखान्यात घेतले आणि १९१८ मध्ये तो विषारी वायूच्या माऱ्यात सापडला. परत येऊन तोही खेळू लागला. एडिंबराच्या हेमार्केट चौकात हार्ट्सच्या खेळाडूंचे घड्याळ-स्मारक एप्रिल १९२२ मध्ये उघडले गेले तेव्हा तो हयात होता. १९२६ च्या एप्रिलमध्ये, सेल्कर्क गावी एक मैत्रीपूर्ण सामना खेळत असताना, बॉब मर्सर मैदानावरच कोसळला आणि तिथेच गेला. त्या दिवशी सोमच्या लढाईला दहा वर्षे होत आली होती.